पौषातला मांडव

चाळीसगावात मुलीचं लग्न ठरलं की बाप आधी रुपचंदभाऊंकडे यायचा आणि मग सोनाराकडे जायचा. सोनार गावात पुष्कळ होते. वैशाखातल्या वावटळीत उभा राहील असा मांडव घालणारा माणूस मात्र एकच होता, आणि तो त्या दिवशी मोकळा नसेल तर लोक मुहूर्त बदलून घ्यायचे. भटजी कुरकुरायचे, पण पंचांग पुन्हा उघडायचे.

हे मी कौतुकाने सांगतोय, यात वाद नाही. पण या माणसाने माझे गुडघे कामातून घालवले, मला सातपुड्याच्या थंडीत कुडकुडवलं, आणि वर माझ्याच डब्याला सुतळीची अशी गाठ मारून ठेवली की जेवायच्या वेळी ती सुटेना, तेही सांगितलंच पाहिजे. माझा स्वभाव मुळात घरात बसणाऱ्या माणसाचा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात खुर्चीवर बसावं, संध्याकाळी घरी ओट्यावर बसावं, एवढीच माझी हौस होती.

भाऊंची ओळख भांडणातूनच झाली. त्यांचा कापडाचा गठ्ठा पार्सलने आला होता आणि वाटेत भिजला होता. ते माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडलो. स्टेशनबाहेर भज्यांचा गाडा लावणाऱ्या झुलालने दोघांना चहा पाजला आणि विचारलं, "पाऊस यानी पाडा का?" त्यावर भाऊ हसले. पुढे आम्ही तिघं रोज त्या गाड्याजवळ उभे राहायला लागलो. माझं नाव उखर्डू. माझ्याआधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मला उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं होतं. भाऊ म्हणायचे, नावच असं की नजर लागणार नाही, प्रवासाला असा माणूस बरोबर असावा. खरं कारण वेगळं होतं. मला रेल्वेचा पास होता.

भाऊ ठेंगणे, रंगाने काळे, आणि हात मात्र अंगाच्या मानाने फार मोठे. खिशात कायम सुतळीचे तुकडे. बोलता बोलता ते कशालाही गाठ मारायचे: गाड्याच्या दांडीला, माझ्या छत्रीला, झुलालच्या कढईच्या कानाला. त्यांनी मारलेली गाठ दुसऱ्याने सोडलेली त्यांना खपायची नाही. मांडवात तर त्यांच्या पोरांनीसुद्धा गाठीला हात लावायचा नाही. पोरं म्हणजे कामावरची. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

त्यांच्या बायकोचं नाव ताईबाई. गिरणाकाठच्या एका गावची, उंच, बोलायला फटकळ, आणि दुपारच्या चहाला कोणीही आलेलं तिला चालायचं. त्यांच्या लग्नाची गोष्ट मी तिच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मीच तिथे होतो असं मला वाटतं. तिचं लग्न चुलत बहिणीच्या मांडवात लागलं. आपल्याकडे तशी रीतच होती, एका खर्चात दोन मुली उजवायच्या. बहिणीचं सासर तालेवार, म्हणून पहिलं लग्न तिचं, वाजतगाजत. ताईबाईचं नंतर, पाहुणे जेवून सुपारी खात बसल्यावर. आणि नवरदेव कोण, तर जो शेठ तो मांडव घालायला आला होता त्याच्याकडचा कामगार रुपचंद.

मंगलाष्टकं चालू होती. नवरदेवाचं लक्ष अंतरपाटाकडे नव्हतं, वर होतं. एका खांबाची गाठ सैल पडलेली त्याला दिसली. दोन कडवी त्याने कसाबसा धीर धरला, आणि मग बाशिंगासकट उठून तो गाठ मारायला खांबावर चढला. भटजी थांबले. ताईबाई हातात माळ घेऊन अंतरपाटाच्या मागे उभी. खाली उतरून हा पुन्हा पाटावर आला आणि म्हणाला, चला, आता म्हणा. पुढे शेठला दुसऱ्या गावचा मांडव गाठायचा होता, म्हणून मुलीची पाठवणी व्हायच्या आतच कापड उतरलं. ताईबाई उघड्या उन्हातून सासरी निघाली.

"माले मांडव व्हयनाच नही," ती म्हणायची. "बठ्ठा गावन्या पोरी तुन्हा मांडवखाल बठन्यात. मीच तेवढी ऱ्हायनू."

हे ती हसत म्हणायची. पण भाऊ हसायचे नाहीत. पुढे त्यांनी स्वतःचा धंदा उभा केला, गोदाम भरून कनाती आणि झालरी केल्या, चाळीसगावपासून पार मुक्ताईनगरपर्यंत मांडव घातले. स्वतःच्या दारात मात्र कधी बांबू रोवला नाही. कारण दारात मांडव दिसला की माणसं विचारणार, कोणाचं लग्न? आणि त्या घरात लग्न होण्यासारखं कोणी नव्हतं. त्या प्रश्नाला ताईबाईने काय उत्तर द्यायचं?

मग कधीतरी, ऐंशी सालानंतरची गोष्ट, एका सरकारी कार्यक्रमाचा मांडव घालायला भाऊ तोरणमाळला जाऊन आले. तोरणमाळ तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. परत आले ते वेगळेच होऊन. गाड्यापाशी उभे राहून हातवारे करून सांगायला लागले, की सातपुड्याच्या माथ्यावर एवढं मोठं तळं आहे, भोवती गवताचे माळ आहेत, आणि जिकडे बघावं तिकडे कोणी नाही. हेच त्यांनी घरी जेवताना ताईबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने मान वर न करताच म्हटलं, "मंग तठेच बांध मन्हा मांडव. तठे कोन्ही इचारावं नही."

ती चेष्टेत बोलली असेल. भाऊंनी ते चेष्टेत घेतलं नाही. आणि आमची हाडं खिळखिळी व्हायला तिथून सुरुवात झाली.

मांडववाल्याला सवड मिळते ती पौषात. पौषात लग्न लागत नाही. बाकी जग त्या महिन्यात उबेला बसतं, आणि आम्ही तिघं पाठीवर ओझी घेऊन तोरणमाळ चढायचो, भाऊंना मांडवाची जागा बघायची होती म्हणून. ताईबाईला नेण्याआधी जागा पक्की हवी, असं त्यांचं म्हणणं. मांडव तिच्या डोक्यावर पडला तर? एकदा आयुष्यात घालायचा आणि तो पडायचा? एवढ्या एका भीतीपोटी हा माणूस वर्षानुवर्षं आम्हाला डोंगरात फिरवत राहिला.

पाठपिशव्या भाऊंनीच शिवल्या होत्या. जुन्या कनातीच्या, लाल कापडावर पिवळी फुलं, आणि खांद्याला पलंगाची नवार. सकाळच्या पॅसेंजरने धुळ्याला उतरलो की स्टँडवर माणसं आमच्याकडे बघून विचारायची, कोणत्या गावाला बँड चाललाय? झुलाल गंभीरपणे एखाद्या गावाचं नाव सांगायचा. पुढे एसटीने शहादा, तिथून दुसऱ्या एसटीने डोंगराच्या पायथ्याशी, आणि मग पायवाट. झुलालच्या पिशवीत पीठ, डाळ, वांगी आणि तेलाची बाटली. माझ्या पिशवीत सतरंज्या. भाऊंच्या पिशवीत दोर आणि झालरीचा एक तुकडा, तो वाऱ्याचा अंदाज घ्यायला.

आता मुक्काम कुठे टाकायचा, हे तुम्हीआम्ही कसं ठरवू? पाणी जवळ आहे का, वारा अडतो का, जमीन सपाट आहे का, एवढं पाहू आणि अंग टाकू. भाऊ तसं करूच शकत नव्हते. पाठीवरचं ओझं न उतरवता ते माळावर फेऱ्या मारायचे आणि आम्ही मागे मागे. पहिल्या वर्षी त्यांनी थेट माळाच्या मधोमध जागा धरली, जिथे आडोसा म्हणून झुडूपही नव्हतं.

"हाई जागा बरी शे," ते म्हणाले. "दूरतून दिसी."

"कोणाला दिसायची?" मी विचारलं.

"पाव्हनासले. पाव्हना चुकाले नको."

झुलाल खाली बसून हसायला लागला. मला हसायचं त्राण नव्हतं. कुठले पाहुणे, आणि ते येणार कुठून? पण आयुष्यभर ज्याने वऱ्हाड चुकू नये म्हणून मांडव घातले, त्याला जागा बघायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. त्याने मांडवाचं तोंड पूर्वेला धरलं, आचाऱ्यांची जागा ठरवली, बैलगाड्या कुठे सोडायच्या तेही ठरवलं. मग आम्ही तिथेच झोपलो. सकाळी पांघरुणावरचं दव गोठून कडक झालं होतं, आणि झालरीचा तुकडा काठीसकट तळ्यात जाऊन पडला होता.

दुसऱ्या वर्षी अगदी पाण्याच्या काठाला. का, तर पंगत उठली की हात धुवायला पाणी जवळ. तिथे असं धुकं बसायचं की आगपेटी पेटेना. झुलालने कोरडं पीठ खायची तयारी दाखवली. त्याच्या पुढच्या वर्षी झाडाखाली, नवरीच्या अंगावर दुपारचं ऊन येऊ नये म्हणून. ती नेमकी गुरांची पाण्यावर जायची वाट निघाली. सकाळी डोळे उघडतो तर चहूबाजूंनी गुरं आमच्याकडे बघत उभी, आणि एक गाय झुलालने बट्टीसाठी मळून ठेवलेलं पीठ शांतपणे चाटत होती.

त्या गाईमागोमाग दिलवरसिंग आला. पावरा जमातीचा शेतकरी, माळाच्या कडेला त्याचं घर आणि मक्याचं शेत. आम्हाला बघून तो इतका हसला की त्याला काठीवर टेकावं लागलं. पीठ गेलं म्हणून त्याने आम्हाला घरी नेलं, आणि त्याची बायको मोगराबाई हिने मक्याच्या जाड भाकऱ्या आणि मिरचीची चटणी वाढली. तशी भाकरी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही. भूक होती म्हणून तशी लागली, असं आमची बायको म्हणते. म्हणू दे.

पुढच्या प्रत्येक पौषात आम्ही आधी दिलवरसिंगच्या अंगणात उतरायचो. भाऊंना बांबू तोच द्यायचा. कशासाठी हे विचारायला त्याला पहिल्या दिवसापासून संकोच वाटला नाही, आणि भाऊंनीही सरळ सांगून टाकलं. दिलवरसिंगने मान हलवली. "बाईला सांगितलं आहे तर बांधायला पाहिजे," एवढंच तो म्हणाला.

आज वाटतं, आयुष्यातले चांगले दिवस म्हणजे तेच. तेव्हा मी सारखा चिडलेला असायचो, ही गोष्ट वेगळी. पाय दुखतायत, धूर डोळ्यांत जातोय, झुलाल गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्ट्या लोटतोय, आणि भाऊ दूर एका दगडावर बसून काठीला बांधलेल्या झालरीकडे बघतायत. तळ्यावर पाणबदकं उतरायची. दिवस कलला की सीताखाईच्या दरीतून वारा वर यायचा, आधी गवत लवायचं, मग झालर ताठ व्हायची. भाऊ तिथून ओरडायचे, "उना, उना!" एखादा पाहुणा आल्यासारखे. मी घरी असतो तर त्या वेळी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असतो. तो ओटा अजून आहे, रस्ताही आहे, आणि मी रोज बसतो. त्यातलं मला काही आठवत नाही. ती झालर मात्र आठवते.

सत्त्याऐंशीच्या सुमाराला जागा सापडली. तळ्याच्या पूर्वेला, एका टेकाडाच्या कुशीत. वारा अडलेला, माती अशी की खुंट एका दणक्यात आत जावा, आणि गुरांची वाट लांब. भाऊंनी तिथे झालर लावली आणि दोन दिवस ती हललीसुद्धा नाही. त्यांनी टोपी काढून मातीवर ठेवली. "हाईच," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि मी उगाच सतरंजी झटकत बसलो.

त्या उन्हाळ्यात ताईबाईचा दमा वाढला. धुळ्याच्या डॉक्टरांनी चढण नको म्हणून सांगितलं. भाऊ गाड्यापाशी यायचे आणि नुसत्या गाठी मारत राहायचे. हा पौष हातचा गेला तर पुढचा मिळेल की नाही, हे त्यांच्या मनात होतं आणि आमच्याही. मी म्हटलं, मग चढायचं कशाला? वरपर्यंत एसटी जाते. इतकी वर्षं पाय तुडवत गेलेल्या माणसाला एसटी आठवलीच नव्हती.

ताईबाई आली. हिरवं नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि तिच्यासाठी भाऊंनी मुद्दाम शिवलेली पाठपिशवी तिने डोक्यावर घेतलेली. पाठीवर ओझं गाढव वाहतं, असं तिने शहाद्याच्या स्टँडवर चार माणसांत आम्हाला ऐकवलं. घाटाच्या वळणांवर तिला उलट्या झाल्या. वर उतरल्यावर मात्र तिने तळं पाहिलं आणि ती गप्प झाली. ताईबाई गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

भाऊंनी तिला हौसेने टेकाडाच्या कुशीत नेलं. जागा दाखवली. वारा कसा अडतो, खुंट कसा बसतो, दिलवरसिंगचे बांबू कसे जवळ आहेत, सगळं सांगितलं. ती दम घेत उभी होती. मग तिने विचारलं, "आठेथून तळं कोठे दिसस?"

तिथून तळं दिसत नव्हतं. टेकाड आड येत होतं. इतक्या वर्षांत वारा, ऊन, पाणी, गुरं, पाहुणे, सगळ्यांचा विचार झाला होता, आणि बसणाऱ्या बाईला समोर काय दिसणार याचा कोणी केला नव्हता. मांडवाला भिंत असते ती कनातीची. मांडवातून बाहेर बघायचं असतं हेच मुळी भाऊंना माहीत नव्हतं.

ताईबाई एकटीच काठाकाठाने चालत गेली. जमिनीचा एक उघडा, खडकाळ तुकडा तळ्यात पुढे शिरला होता, तिन्ही बाजूंना पाणी. तिथे जाऊन ती खाली बसली. "आठे," तिने हाताने दाखवलं.

"वारा शे तठे!" भाऊ ओरडले. "समदा वारा तठेच येस! खुंट लागाव नही, खडक शे!"

"बसनं माले शे का वाराले?"

मी झुलालकडे बघितलं तर तो पिशव्या उचलून निघालाच होता.

मांडव त्याच तुकड्यावर बांधला. खुंट लागेनात म्हणून दिलवरसिंग आणि मोगराबाईने दगड वाहिले, आणि भाऊंनी प्रत्येक दोर दगडाला बांधला. झालर लावली, तोरण लावलं, वर नवंकोरं पांढरं छत. तळ्याकडची बाजू मोकळी ठेवली. दुपारी ते सगळं उभं राहिलं तेव्हा मला इतक्या वर्षांचे गुडघे माफ करावेसे वाटले. निळं पाणी, पिवळं गवत, आणि मधे तो लाल-पांढरा मांडव. भर पौषात. ताईबाईने आत सतरंजी टाकली, पदर सारखा केला आणि ती मधोमध बसली.

आणि भाऊ बाहेरच. या दोराला हात लाव, त्या दगडाला पाय लाव, वर बघ, खाली बघ. ती दोनदा म्हणाली, या आत. ते म्हणाले, येतो, येतो. ऊन उतरायला लागलं आणि खाईकडून वारा निघाला. आधी गवत लवलं. मग छत फुगलं, एक दगड घसरला, आणि कोपऱ्याचा बांबू वर उचलला गेला. भाऊंनी धावत जाऊन त्याला मिठी मारली. दुसरा कोपरा झुलालने पकडला, तिसरा मी, चौथा दिलवरसिंगने. चार खांबांना चार माणसं लटकलेली, झालर थोबाडीत मारतेय, आणि मधे ताईबाई एकटी बसलेली.

ती आमच्याकडे बघून हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली आणि धाप लागता लागता रडू आलं. "लगीनमा बी खांबवर, आते बी खांबवर," ती भाऊंना म्हणाली. "मन्हाजोडे कव्हय बठशी तू?"

भाऊ खांब सोडेनात. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी लाचारी होती की माझ्याने बघवेना. सोडावं तर मांडव जातो, धरावं तर बाई एकटी राहते. हा माणूस आयुष्यात कधी मांडवात बसलाच नव्हता, त्याला ते येतच नव्हतं.

दगड आणायला गेलेली मोगराबाई परत आली. तिने हातातला दगड खाली टाकला, भाऊंना बाजूला सारलं आणि त्यांचा खांब स्वतः धरला. दिलवरसिंग आपल्या खांबावरून ओरडला, "भाऊ, तू जा. बस. आम्ही आहोत."

भाऊ गेले. टोपी सारखी करून, चपला बाहेर काढून, एखाद्याच्या लग्नाला आल्यासारखे आत गेले आणि ताईबाईच्या शेजारी अवघडून बसले. तेवढ्यात माझ्या हातातला बांबू सटकला आणि करकरला. ते अर्धे उठलेसुद्धा.

"उठू नको," ताईबाईने त्यांचा हात धरला. "पडना ते पडू दे."

ते बसून राहिले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, म्हणून तिने ते आपल्या मांडीवर ठेवून घेतले. झुलालने खांबाला लटकूनच मंगलाष्टक सुरू केलं, भजी विकायच्या आवाजात. भाऊ म्हणाले, अरे पौष आहे. पण ते म्हणताना ते हसत होते. मला हात कापून पडतील असं वाटत होतं आणि तरी वारा आणखी थोडा वेळ राहावा असंही वाटत होतं.

ऊन तळ्याच्या पलीकडे गेलं आणि वारा आपोआप बसला. आम्ही खांब सोडले. मांडव उभा राहिला. दोघं तसेच समोर पाण्याकडे बघत होती. ताईबाई म्हणाली, "व्हयना मन्हा मांडव." तिने ते अगदी साध्या आवाजात म्हटलं, स्वयंपाक झाला असं सांगावं तसं.

त्यानंतर आम्ही पौषात कुठे गेलो नाही. भाऊंना जागा शोधायची उरली नव्हती. मी हिवाळ्यात ओट्यावर बसायला लागलो आणि मला करमेना. झुलाल म्हणायचा, चल ना, आपण दोघं जाऊ. पण जागा बघायला भाऊ नसतील तर मुक्काम कसला?

ताईबाई त्र्याण्णवच्या वैशाखात गेली, ऐन लग्नसराईत. सकाळीच कळलं. मी पोहोचलो तेव्हा गल्ली भरून गेली होती आणि ऊन आत्ताच डोक्यावर आल्यासारखं तापलं होतं. आपल्याकडे दारात माणसं जमली की सावलीसाठी चार बांबूंवर कापड बांधतात, ही रीतच आहे. भाऊंच्या पोरांनी कोणाला न विचारता गोदाम उघडलं. चांगल्यातलं चांगलं छत काढलं. बांबू उभे केले, पहिला दोर ताणला.

बांबूचा आवाज ऐकून भाऊ आतून बाहेर आले. उंबऱ्यात उभे राहून त्यांनी वर पाहिलं.

"कोनी सांगं तुमले?"

पोरं गोंधळली. एकजण म्हणाला, भाऊ, माणसं उन्हात आहेत.

"सोडा ते," भाऊ म्हणाले. "तिन्हा मांडव व्हई गया. दुसरा नको."

पोरांचे हात थांबले, पण गाठी सोडायला कोणी पुढे होईना. मग भाऊच अंगणात आले आणि त्यांनी एकेक गाठ स्वतः सोडली. कापड खाली आलं. घडी करून त्यांनी ते पोरांच्या हातात दिलं आणि ते परत आत, तिच्याजवळ जाऊन बसले.

त्या गर्दीत निम्म्या बायका अशा होत्या, ज्यांची लग्नं भाऊंच्या सावलीत लागली होती. समोर लिंब होता, शेजाऱ्यांचे ओटे होते, रिकाम्या पडव्या होत्या. त्या बायकांनी नुसते पदर डोक्यावर ओढून घेतले. तिला बाहेर आणेपर्यंत सगळी गल्ली उन्हात उभी होती, आणि सावलीकडे कोणीही सरकलं नाही.